निवृत्तीनंतरचे समाधान : नववर्षाच्या निमित्ताने

वार्षिक अहवाल हा सरलेल्या वर्षाचा जमाखर्च असतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती शिबिरे घेतली, हे सारे कोष्टकांत मांडता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या एका तक्रारीला मात्र अशा कोष्टकात रकाना सापडत नाही. "झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, अंग दुखते, कशातच मन रमत नाही," असे सांगत एखादे गृहस्थ तपासणीस येतात. रक्त, लघवी, हृदयालेख यांत मोठा दोष निघत नाही. जरा बसवून विचारपूस केली की कळते, नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष-दीड वर्ष झाले आहे. मुले पुण्याला किंवा संभाजीनगरला आहेत. निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते, घर स्वतःचे आहे, कशाची ददात नाही. तरीही दिवस सरत नाही.

या तक्रारीवर गोळी देणे सोपे असते, परंतु ते पुरेसे नसते. नववर्षाच्या उंबरठ्यावर आपण सर्वच जण मनाशी काही ना काही ठरवीत असतो. त्या निमित्ताने निवृत्तीनंतरच्या रोजच्या जगण्यात समाधान कोठून येते आणि ते टिकवावे कसे, याचा थोडा विचार येथे मांडत आहोत.

३१ मेची सायंकाळ

महाराष्ट्रात ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची संख्या दरवर्षी फार मोठी असते. त्याचे कारण गमतीचे आहे. जुन्या पिढीत जन्माची नोंद क्वचितच होत असे. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वय धरीत आणि जन्मतारीख म्हणून १ जून लिहून मोकळे होत. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवानियम आहे. त्यामुळे गुरुजींच्या लेखणीतून सहज उतरलेली ती तारीख पन्नासएक वर्षांनी त्या विद्यार्थ्याच्या निवृत्तीचा दिवस ठरविते.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले तर ही गोष्ट अधिकच जवळची आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याच्या कार्यालयांत तेव्हा तिशी-पस्तिशीत रुजू झालेले लिपिक, अभियंते, परिचारिका आणि शिक्षक आता नियत वयोमानानुसार निवृत्त झाले आहेत किंवा होत आहेत. राज्य शासनाच्या सेवेत बहुतेकांसाठी हे वय ५८ वर्षांचे, तर चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षांचे आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या आकडेवारीनुसार साठी गाठलेल्या भारतीयास सरासरी आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य लाभते. म्हणजे निवृत्ती हा आयुष्याचा शेवटचा परिच्छेद नव्हे. शिक्षणासाठी दिलेला काळ जेवढा, जवळजवळ तेवढाच काळ पुढे उरलेला असतो. पहिल्या काळाची तयारी आईवडील आणि शाळा मिळून करतात. या दुसऱ्या काळाची तयारी मात्र शाल, श्रीफळ आणि निरोपाची दोन भाषणे यांवर संपते.

नोकरीबरोबर काय जाते?

पगार कमी होतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण नोकरीबरोबर आणखी चार गोष्टी निघून जातात आणि त्यांचा हिशेब कोणी करून ठेवलेला नसतो.

पहिली गोष्ट वेळेची शिस्त. दहाच्या कार्यालयासाठी सहाला उठणे, नऊला जेवणे, रात्री वेळेवर निजणे हे सारे नोकरीच करून घेत असे. ती शिस्त सुटली की चहा वाढतो, दुपारची झोप लांबते आणि रात्रीची उडते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांच्या औषधांच्या वेळाही त्याबरोबर चुकू लागतात. दुसरी गोष्ट हालचाल. बसस्थानकापर्यंतचे चालणे, जिन्यांची चढ-उतार, वर्गातील उभे राहणे यांना आपण व्यायाम मानीत नव्हतो, परंतु शरीराला तो मिळत होता. तिसरी गोष्ट माणसे. ती सगळीच मित्र होती असे नाही. पण रोज वीस जणांशी बोलणे होत असे. चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. "साहेब, हे कसे करायचे?" असे रोज कोणीतरी विचारीत असे. आता कोणी काही विचारीत नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. उतारवयातील उदासीनता पुष्कळदा रडण्यातून प्रकट होत नाही. ती अंगदुखी, अपचन, निद्रानाश, विसराळूपणा अशी शरीराची रूपे घेऊन येते. म्हणून थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची तपासणी अवश्य करावी. आणि त्यांत काही न आढळल्यास "तुम्हाला काही झालेले नाही" असे म्हणून त्या व्यक्तीला परत पाठवू नये. तिचा दिवस कसा जातो, हेही विचारावे.

समाधानाचे मूळ

आनंद आणि समाधान यांत फरक आहे. नातवाचा जन्म, घराची वास्तुशांत, तीर्थयात्रा यांचा आनंद मोठा असतो, पण तो प्रसंगाबरोबर ओसरतो. समाधान मात्र रोजच्या साध्या दिवसात मुरलेले असते. रात्री पाठ टेकताना "आजचा दिवस वाया गेला नाही" असे वाटणे, एवढेच त्याचे स्वरूप.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले यांच्या आयुष्याचा मागोवा संशोधकांनी दशकानुदशके घेतला. म्हातारपणी कोण अधिक निरोगी आणि तृप्त राहिले, हे पाहता संपत्ती वा प्रसिद्धी यांपेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यांचे महत्त्व ठळकपणे पुढे आले. नाती किती, यापेक्षा ती किती विश्वासाची, याला अधिक मोल होते.

याचा अर्थ असा की समाधानासाठी मोठी गर्दी लागत नाही. आपली वाट पाहणारी दोन-चार माणसे आणि आपल्यावाचून अडेल असे एखादे लहानसे काम, एवढ्यावर दिवस उभा राहू शकतो. निवृत्तीनंतर नेमके हेच निसटते, आणि तेच जाणीवपूर्वक पुन्हा उभे करावे लागते. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

कडोळीचे नानाजी

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे नानाजी देशमुख यांचा जन्म झाला. त्यांच्या राजकीय विचारांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांची निवृत्ती मात्र सर्वांनी अभ्यासावी अशी आहे. १९७७ साली ते उत्तर प्रदेशातील बलरामपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. केंद्रात मंत्रिपद मिळत असताना त्यांनी ते नाकारले. साठी ओलांडलेल्या राजकारण्यांनी सत्तेपासून दूर होऊन समाजकार्य करावे, असे त्यांचे मत होते. आणि ते मत त्यांनी स्वतःपासून अमलात आणले. पुढची सुमारे तीन दशके त्यांनी आधी गोंडा जिल्ह्यात आणि नंतर चित्रकूट परिसरात शेती, शिक्षण, आरोग्य आणि ग्रामविकास या कामांना दिली. १९९१ साली चित्रकूट येथे ग्रामोदय विश्वविद्यालय उभे राहिले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी चित्रकूट येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्टही अशीच आहे. १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते निवृत्त झाले आणि १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे आज आपण ज्या वयात सत्काराची शाल स्वीकारतो त्या वयात, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९३६ साली अठ्ठ्याहत्तरीत असताना त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली.

ही माणसे असामान्य होती. त्यांच्याएवढे काम आपल्याकडून होणार नाही, हे उघड आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. नानाजी दिल्लीहून खेड्याकडे आले, म्हणजे त्यांनी आपला व्याप लहान केला. पद सोडले आणि माणसे धरली. आपल्यापैकी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाला पाचशे विद्यार्थ्यांची शाळा पुन्हा मिळणार नाही. पण गल्लीतील दोन मुलांचे पाढे रोज सायंकाळी म्हणून घेणे त्याच्या हातात आहे. तेथे "सर" ही हाक कायम राहते.

ज्यांना निवृत्ती नसते

निवृत्तीविषयी लिहिताना एक गोष्ट विसरता कामा नये. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य ज्येष्ठांना निवृत्तीची तारीखच नसते. शेतकरी, शेतमजूर, हमाल, कारागीर हे हातपाय चालतात तोवर राबतात. वसमत, कळमनुरी भागांत हळद काढणीच्या दिवसांत शिवारात गेले तर शिजवून वाळत घातलेल्या हळदीजवळ राखणीला किंवा निवडायला बसलेली वृद्ध माणसे हमखास दिसतील. त्यांच्या गुडघ्यांचे आणि डोळ्यांचे हाल आमच्यापासून लपलेले नाहीत. त्यांच्या कष्टांचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. मात्र पेरणी कधी करावी, बेणे कोणते ठेवावे, हे घरातील म्हाताऱ्याला अजून विचारले जाते आणि त्या विचारण्यात त्याचा मान असतो. जमीन मुलांच्या नावे झाली आणि विचारणेही थांबले, की तोच म्हातारा पार खचतो. म्हणून सूनबाई व मुलांना आमची विनंती आहे : निर्णय तुम्हीच घ्या, पण एकदा विचारा.

दुसरी निवृत्ती नसलेली व्यक्ती प्रत्येक निवृत्ताच्या घरातच असते. पतिराज निवृत्त होतात. गृहिणीचे काम मात्र त्याच दिवसापासून वाढते. आजवर सकाळी नऊनंतर तिला जे दोन निवांत तास मिळत, तेही जातात. अकराला चहा, एकला गरम पोळी, चारला पुन्हा चहा, आणि वर स्वयंपाकघरातील डबे नीट लावलेले नाहीत अशी देखरेख! निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात अनेक घरांत जी कुरबुर होते, तिचे मूळ येथे असते. निवृत्त पुरुषाने एखादे घरकाम कायमचे स्वतःकडे घ्यावे. भाजी आणणे व निवडणे, पाणी भरणे, सायंकाळचा चहा करणे, यांपैकी काहीही चालेल. त्याला "मदत" असे नाव देऊ नये. ते आपले काम समजावे. यातून पत्नीला विसावा मिळतो आणि स्वतःला, वर सांगितलेले, आपल्यावाचून अडेल असे एक काम मिळते. नोकरी करून निवृत्त झालेल्या भगिनींनीही "आता घरीच तर आहात" या वाक्यापासून सावध राहावे. स्वतःसाठी रोजचा एक तास त्यांनी आग्रहाने राखून ठेवावा.

दोन नववर्षे आणि एक छोटा नेम

आपल्याला नववर्षे दोन लाभली आहेत. एक १ जानेवारीचे आणि दुसरे चैत्र शुद्ध प्रतिपदेचे. पहिल्या नववर्षाचे संकल्प पुष्कळदा संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंतच टिकतात. त्याचे कारण आळस एवढेच नसते. संकल्प फार मोठा असतो आणि तो कोणत्या वेळी, कशानंतर करायचा, हे ठरलेले नसते.

लंडन येथे झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला त्याहून खूप अधिक लागतील असे आढळले. एखाद-दुसरा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. आपल्या भाषेत सांगायचे तर पाडव्याला धरलेला नेम मृगाच्या सुमारास अंगात मुरतो. पेरणीआधीची मशागत होते, तेवढाच हा काळ. गुढीपाडव्याला आपण गोडधोडाआधी कडुलिंबाचा घास घेतो. तो लहान असतो, कडवट असतो, आणि सकाळी सर्वांत आधी घेतलेला असतो. नववर्षाचा नेम असाच असावा.

नेम रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधावा. "रोज फिरायला जाईन" याऐवजी "सकाळचा चहा झाला की चपला घालीन" असे ठरवावे. एका वर्षासाठी एकच नेम पुरे आहे.

दिवसाची घडी बसविताना

ज्येष्ठांसाठी दिवसाची साधी आखणी अशी करता येईल :

१. सकाळ शरीरासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आवश्यक आहे, म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास चालणे. त्याखेरीज आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. भिंतीला हात टेकून एका पायावर काही क्षण उभे राहणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, हे घरीही जमते. चैत्र-वैशाखात आपल्याकडील ऊन असह्य असते. म्हणून फेरी सूर्योदयाच्या सुमारासच आटोपावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

२. दुपारपूर्वीचा वेळ कामासाठी. घरातील आपले ठरलेले काम, बँक, वीजबिल, परसातील चार झाडे.

३. दुपारची झोप अर्ध्या तासाची. त्याहून लांबली तर ती रात्रीतून वजा होते.

४. सायंकाळ माणसांसाठी. ग्रंथालय, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, पाराखालची बैठक यांपैकी जे आवडेल ते. मात्र आठवड्यातून एक भेट अशी असावी की समोरची व्यक्ती आपली वाट पाहत असेल. अंथरुणाला खिळलेला जुना सहकारी, एकटी राहणारी बहीण, शेजारची अभ्यासात मागे पडलेली मुलगी. अशा ठिकाणी ठरल्या वारी, ठरल्या वेळी जावे.

५. रात्र शांततेसाठी. बातम्यांवरील आरडाओरड आणि भ्रमणध्वनीचा पडदा निजण्याआधी तासभर बंद करावा. न्हाणीघराच्या वाटेवर लहान दिवा आणि न्हाणीघरात पकडायला दांडी असावी. उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग बहुधा साध्या पडण्यातूनच घडतात.

वर्षातून एक-दोन प्रवासही करावेत. राज्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य करण्यात आला. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन असो वा नर्सीच्या नामदेवांचे, दूर न जाताही वाट बदलते आणि जुनी माणसे भेटतात.

पायाखालची जमीन

समाधानाच्या गोष्टी रित्या पोटी आणि औषधावाचून बोलता येत नाहीत. म्हणून कागदपत्रांकडे वेळीच लक्ष द्यावे. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला चुकवू नये. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या सुविधेद्वारे तो घरबसल्याही देता येतो. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे साहाय्य २०२३ साली दरमहा १००० वरून १५०० रुपये करण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू करण्यात आली आणि तिच्यात वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. हे कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवावे. शेजारच्या निरक्षर आजीचे कार्ड काढून देणे, हे निवृत्त लिपिकासाठी किती सुंदर काम आहे!

आणि शेवटी एक सूचना. दोन आठवडे वा अधिक काळ सतत उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर ते वयाचे लक्षण समजून गप्प बसू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावे व डॉक्टरांकडे जावे. मानसिक आरोग्याविषयी 'टेली-मानस' ची १४४१६ ही, तर ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

सुज्ञ वाचकहो, रुग्णालयाच्या जमाखर्चाप्रमाणे आयुष्याचाही जमाखर्च मांडावासा वाटतो तो अशा वर्षारंभीच. तो मांडताना काय राहून गेले याची यादी लांबते. ती बाजूला ठेवून एकच प्रश्न स्वतःला विचारावा : उद्या सकाळी कोण माझी वाट पाहत आहे? उत्तर सापडले तर त्या व्यक्तीकडे वेळेवर जावे. उत्तर सापडले नाही तर तोच या नववर्षाचा संकल्प समजावा आणि आपली वाट पाहील असे एक माणूस शोधावे. ते बहुधा फार दूर नसते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दार अर्धे उघडे ठेवून तेही बसलेले असते.

सर्व ज्येष्ठांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना नववर्ष आरोग्याचे व समाधानाचे जावो, ही मनःपूर्वक सदिच्छा.